अपेक्षित उत्तर

जेवणाच्या टेबलावर ऑफिसचा विषय काढायचा नाही, असा सासूबाईंचा दंडक होता. एका घरातली दोन माणसं एकाच ऑफिसात असली की घराचं ऑफिस होतं, असं त्या म्हणत. त्यातली एक मी आणि दुसरे माझे धाकटे दीर. त्यांना तिथे चिकटवलं होतं मीच.

रक्त तपासणाऱ्या लॅबचा अहवाल वॉर्डातल्या नर्सच्या पडद्यापर्यंत पोचवायचा, हे आमच्या सॉफ्टवेअरचं काम. ते नीट पोचवतं की नाही हे तपासायचं काम माझं. खरी लॅब हाताशी नसते. म्हणून संगणकातच एक खोटी लॅब उभी करायची, तिच्याकडून खोटे अहवाल पाठवायचे आणि पडद्यावर काय दिसायला हवं ते आधीच लिहून ठेवायचं. तसं दिसलं तर चाचणी हिरवी, नाही तर लाल. या सगळ्या बांधणीला आम्ही सांगाडा म्हणतो. नवं हॉस्पिटल आलं की मी नवा सांगाडा हाताने बांधत असे, आणि उशीर का होतो म्हणून बोलणी खात असे.

भावजींनी सांगाडा आपोआप बांधणारं साधन लिहिलं. बटण दाबून चहा घेऊन यावं, तर सांगाडा तयार आणि सगळ्या चाचण्या हिरव्या. मोठ्या साहेबांना प्रात्यक्षिक दाखवायचं ठरलं. ते पसंत पडलं की चाचणी विभाग बंद होणार होता. चाचणी विभाग म्हणजे मी.

"वहिनी, तू कशाला घाबरतेस? तुझं कुठेतरी होईल गं," भावजी म्हणाले. "मी बोलतो ना साहेबांशी."

त्यांच्या नोकरीच्या वेळी अगदी हेच शेवटचं वाक्य मी सासूबाईंना म्हटलं होतं.

मला तो हिरवा रंग खटकत होता. नव्या जोडणीत पहिल्याच फेरीत सगळं हिरवं, असं होत नाही. मी आमच्या सॉफ्टवेअरची एक प्रत घेतली आणि पोटॅशियमचा आकडा पडद्यावर दहापट दिसेल अशी मुद्दाम बिघडवली. भावजींचं साधन तिच्यावर चालवलं. सगळं हिरवं.

मग उलगडलं. पडद्यावर काय दिसायला हवं हे त्या साधनाला कुणी सांगितलंच नव्हतं. ते आमच्या सॉफ्टवेअरलाच विचारत होतं आणि ते देईल ते अपेक्षित उत्तर म्हणून टिपून घेत होतं. म्हणजे मुलाच्याच पेपरवरून आदर्श उत्तरं काढायची आणि त्याला पैकीच्या पैकी द्यायचे.

संध्याकाळी भांडी आवरताना मी भावजींना हे सांगितलं. त्यांचा चेहरा पडला.

"आत्ता नको ना, वहिनी. प्रात्यक्षिक होऊ दे. नंतर दुरुस्त करतो."

"तोवर माझा विभाग बंद झालेला असेल, भावजी. मग दुरुस्त झालं का, हे बघणार कोण?"

"म्हणजे खरं दुखणं ते आहे तर."

सासूबाई दारातच होत्या. "अगं, धाकटा आहे तो. सांभाळून घे. तुझं काय, तुला नवऱ्याचा आधार आहे."

नवऱ्याने टीव्हीचा आवाज वाढवला.

प्रात्यक्षिकात मी हात वर केला आणि बिघडवलेली प्रत सगळ्यांसमोर चालवली. पडद्यावर दहापट पोटॅशियम, म्हणजे मेलेल्या माणसाचा आकडा, आणि त्याशेजारी हिरवी खूण. भावजी जमिनीकडे बघत होते.

मोठे साहेब म्हणाले, "साधनाला बरोबर उत्तर कुठून मिळणार, एवढाच प्रश्न आहे ना?"

"हो," मी म्हणाले. "ते माणसालाच ठरवावं लागतं."

भावजींनी मान वर केली. "पण ती उत्तरं आहेत की! वहिनींकडे... म्हणजे, मॅडमकडे. आजवरचे सगळे सांगाडे त्यांनी हाताने लिहिलेत, प्रत्येकात अपेक्षित उत्तर आहे. ती सगळी साधनाला दिली, की झालं."

"उत्तम," मोठे साहेब म्हणाले. "मॅडम, तुम्ही आम्हाला मोठ्या घोळातून वाचवलंत."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. भावजींनीही, मनापासून. महिनाअखेरीला मी टेबल रिकामं केलं. साहेबांशी कुणी बोललं असेल तर ते माझ्या कानावर आलं नाही.

आता ऑफिसात घरचं एकच माणूस उरलं, त्यामुळे सासूबाईंचा दंडकही आपोआप उठला. परवा जेवताना भावजींनी विचारलं, "वहिनी, लॅबने एकदा पाठवलेला अहवाल दुरुस्त करून पुन्हा पाठवला, तर पडद्यावरचा आधीचा पुसायचा का? तुझ्या जुन्या सांगाड्यांत हे सापडत नाही."

सापडणार नाही. ते मी टेबल रिकामं केलं त्याच महिन्यात लिहिणार होते.

माहीत नाही, म्हणता आलं असतं.

"सांग ना गं," सासूबाई म्हणाल्या. "घरातल्या घरात कसला भाव खायचा?"

मला वॉर्डातली ती नर्स दिसत होती, हातात सुई घेऊन पडद्याकडे बघणारी.

"पुसायचा नाही," मी म्हणाले. "रद्द म्हणून खोडलेला दिसला पाहिजे आणि नवा त्याच्या वर. जुन्या आकड्यावर कुणी औषध दिलं असेल, तर ते डॉक्टरांना कळायला हवं."

भावजींनी डाव्या हाताने ते फोनवर टिपून घेतलं आणि वर न बघता रिकामं ताट माझ्यापुढे सरकवलं.