लिस्बनला एक मत कमी

आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी तोंड वाकडं करायला नको. अठरा वर्षं मी माझ्या सगळ्यात जवळच्या मैत्रिणीला फसवलं. वर्षातून एकदाच, फेब्रुवारीतल्या दुसऱ्या गुरुवारी, एगॉनच्या हॉटेलच्या तळघरात.

त्या तळघरात नऊ खुंट्या पाडायची एक जुनी लाकडी पट्टी आहे. १९८६ पासून आम्ही पाच बायका तिथे एक गुरुवार सोडून एक गुरुवार खेळतो. खेळतो म्हणजे काय, चेंडू टाकतो, तो बाजूच्या चरात जाताना बघतो आणि त्या दुःखात बिअर पितो. आणि दर मे महिन्यात चार दिवस युरोपातल्या कुठल्यातरी शहरात जाऊन उंडारतो. कुठल्या, ते फेब्रुवारीत मतदानाने ठरतं. आमच्या गावात चर्च दोन आहेत, पण मन लावून भांडायला जागा ही एकच.

मंडळात कोण कोण, तेही ऐका. गुड्रुनचं मटणाचं दुकान आहे आणि सरहद्दीपलीकडचं सगळं अन्न तिला संशयास्पद वाटतं. आनेग्रेट आयकर खात्यातून निवृत्त झाली, पण खातं अजून तिच्यातून निवृत्त झालेलं नाही. मंडळाची तेवीस कलमी नियमावली तिनेच लिहिली आणि प्लास्टिकमध्ये मढवून आणली. उल्लाचे तीन नवरे झाले. एक वारला, उरलेले दोघे बहुतेक त्याचा हेवा करत असावेत. रोस्विता एक्केचाळीस वर्षं पोस्टाच्या खिडकीत बसली, म्हणून मतांच्या चिठ्ठ्या ती वाचते. कुणी कितीही गिचमिड लिहिलं तरी तिला लागतं. आणि मी हेडविग. पस्तीस वर्षं मी ह्या तालुक्यातल्या पोराटोरांना गाडी चालवायला शिकवली. मला घाबरत नाही असा माणूस इथे शोधून सापडणार नाही.

रोस्विताला लिस्बन बघायचं होतं. आत्ता नाही, पहिल्यापासून. सत्तरच्या दशकात आमच्या सूतगिरणीत पोर्तुगीज कामगार आले, तेव्हा दर शनिवारी ते तिच्या खिडकीसमोर पाकिटं घेऊन उभे राहायचे. त्यांचे पत्ते वाचून वाचून हिला लिस्बनचे अर्धेअधिक रस्ते पाठ झाले. एका म्हाताऱ्याला लिहिता येत नव्हतं, त्याच्या पाकिटावर पत्ता हीच घालायची. त्याची गल्ली म्हणजे नुसत्या पायऱ्या. तो म्हणायचा, एकशे अकरा आहेत, वर बाक आहे, आणि बाकावर बसलं की खाली नदी दिसते, एवढी रुंद की समुद्रच वाटावा.

"दिसायला कसा होता म्हातारा?" उल्ला दर वर्षी विचारायची.

"अगं, तीन दात होते त्याला!"

"मग काय झालं?" उल्ला म्हणायची. "माझ्या दुसऱ्याला एकही धड नव्हता."

अठरा वर्षांपूर्वी जवळच्या विमानतळावरून लिस्बनला स्वस्तात विमानं सुटायला लागली आणि रोस्विताने पहिल्यांदा नाव सुचवलं. तीन विरुद्ध दोन, लिस्बन पडलं. पुढच्या वर्षी पुन्हा तीन विरुद्ध दोन. आम्ही ट्रेनने व्हिएन्नाला गेलो, प्रागला गेलो, ब्रसेल्सला तर दोनदा गेलो, ज्याला एकदाही जायचं काही कारण नाही. लिस्बन दर वर्षी एका मताने पडायचं. ते एक मत माझं होतं.

कारण मला विमानाची भीती वाटते. घ्या, हसा! गाडी शिकवणाऱ्याच्या पायाखाली दुसरा ब्रेक असतो ना, त्याच्या जोरावर मी पस्तीस वर्षं जगले. समोर ट्रक आला, पोरगं गोंधळलं की मी दाबलाच. विमानात माझ्या पायाखाली काय आहे? गालिचा. पुढे दोन अनोळखी बाप्ये दार लावून बसलेत, आत काय चाललंय ते देवालाच ठाऊक, आणि आपण वाटाण्याएवढा पाव खात त्यांच्यावर भरवसा ठेवायचा. जमणार नाही. पण हे बोलून दाखवायचं कसं? हेडविग आणि घाबरली? उल्लाने गावभर केलं असतं. म्हणून मी तोंडाने लिस्बन लिस्बन करायचे, रोस्विताच्या पाठीवर थाप मारायचे आणि चिठ्ठीवर दुसरंच शहर लिहायचे. तेही डाव्या हाताने, अक्षर ओळखू येऊ नये म्हणून. मतदान गुप्त असतं. चौदावं कलम. कुणी आपलं मत त्याच रात्री फोडलं, तर अख्खं मतदान रद्द, आणि फोडणारीने सगळ्यांना एक फेरी पाजायची. १९९१ मध्ये उल्ला पिऊन आपल्या मताबद्दल रडली होती, तेव्हापासून हे कलम आहे.

ह्या वर्षी गोष्ट वेगळी होती. रोस्विताचा डावा गुडघा गेला. डॉक्टरने नोव्हेंबरची तारीख दिली, जुना गुडघा काढून नवा घालायचा.

"नवा बसल्यावर पळशील," मी म्हटलं.

"एकाहत्तराव्या वर्षी कुठे पळू? आत्ता दुखतो, पण चढतो. बसवल्यावर काय होईल ते कुणी सांगावं. आनेग्रेटची बहीण दोन वर्षं झाली, पुढच्या अंगणातल्या पायरीशी भांडतेय." एवढं बोलून ती चेंडू पुसत बसली. मग म्हणाली, "ह्या मेमध्ये झालं तर झालं, हेडी. नाहीतर राहिलं."

त्या रात्री मला धड झोप लागली नाही. स्वतःचीच लाज वाटत होती. एक गल्ली, एकशे अकरा पायऱ्या, आणि मधे आडवी पडलेली मी. ठरवून टाकलं, ह्या वेळी उजव्या हाताने लिस्बन लिहायचं, मग मेमध्ये मेले तरी चालेल. मरायला महिना तरी बरा आहे.

आणि तो गुरुवार आला. एगॉनने खिम्याचे पाव (आमच्याकडे खिमा कच्चाच खातात) आणि वर भरपूर कांदा असं ताट खाली आणून ठेवलं आणि मतदानाचा दिवस आहे हे ओळखून लगेच वर पळाला. आनेग्रेटने आपला तुलनेचा तक्ता पसरला. ह्या वर्षी समोरासमोर दोन शहरं, लिस्बन आणि कोपनहेगन.

"कोपनहेगन," आनेग्रेट म्हणाली. "सपाट. जायला ट्रेन. स्वच्छतागृहं भरपूर. लिस्बन, सात टेकड्या. मी फक्त आकडे सांगतेय, माझं काही मत नाही."

"तुझ्या गुडघ्यासाठीच म्हणतोय गं आम्ही," गुड्रुन रोस्विताला म्हणाली. "तिथे चढताना तुझं काही झालं तर खाली कोण आणणार? आणि ते लोक वाळवलेला मासा खातात."

"माझ्या गुडघ्याला मंडळात मत नाही," रोस्विता म्हणाली. "तो सभासद नाही."

"गुड्रुन, तू दिवसभर डुकराचे कान विकतेस," उल्ला म्हणाली. "माशाला कसली नाकं मुरडतेस? मी लिस्बनच्या बाजूची. म्हातारा मेला असेल, पण त्याचे पुतणे असतील."

"हेडविग?" आनेग्रेटने विचारलं.

"मी तर कायमच लिस्बनची," मी म्हटलं, आणि अठरा वर्षांत पहिल्यांदा ते खरं होतं. रोस्विताने माझ्याकडे पाहिलं आणि नजर खाली वळवली. मला ते खटकलं, पण तेवढ्यात चिठ्ठ्या आल्या.

मी लिहिलं. उजव्या हाताने, ठळक. एगॉनच्या रिकाम्या मगात पाच चिठ्ठ्या पडल्या. रोस्विताने चष्मा लावला.

"कोपनहेगन." ही गुड्रुन, चिठ्ठीला चरबीचा डाग होता.

"लिस्बन." उल्ला.

तिसरी चिठ्ठी तिने उघडली आणि थांबली. माझी होती. तिने ती उलटी करून पाहिली, पुन्हा सुलटी केली. "लिस्बन," ती म्हणाली.

"कोपनहेगन." आनेग्रेट, जिचं काही मत नव्हतं.

झालं की! दोन दोन, आणि उरलेली चिठ्ठी रोस्विताची. मी मनातल्या मनात मृत्युपत्राची उजळणी करत होते, मांजर कुणाला द्यायचं वगैरे. रोस्विताने शेवटची चिठ्ठी उघडली आणि ती बराच वेळ बघत राहिली. तिने खोटं वाचलं असतं तर आम्हाला काय कळणार होतं? पण पोस्टातली बाई. लिहिलंय तेच वाचते.

"कोपनहेगन," ती म्हणाली. "तीन विरुद्ध दोन. चला, सपाट जाऊ या." आणि चिठ्ठ्या गोळा करायला लागली.

मी तिच्या हाताखालून ती चिठ्ठी ओढली. गोल गोल अक्षर, हिरवी शाई. ही बाई सामानाची यादीसुद्धा हिरव्या शाईत करते.

माझं डोकंच फिरलं. "अगं ए मूर्ख बाई!" मी ओरडले. वर एगॉनच्या हातून काहीतरी पडलेलं ऐकू आलं. "तुझ्या डोक्यावर काय पडलंय का? लिस्बनला मत मी दिलं! मी!"

आनेग्रेटने सावकाश नियमावली पुढे ओढली.

"कलम चौदा," ती म्हणाली. "मत फोडलं. मतदान रद्द. आणि एक फेरी तुझ्याकडून."

"दोन पाजते! आणि आणखी फोडते, थांबा. मागच्या सगळ्या वर्षी लिस्बनच्या विरुद्ध तिसरं मत माझं होतं. मला विमानाची भीती वाटते. झालं? विमानतळाची पाटी दिसली की मी गाडी दुसऱ्या रस्त्याला घेते. अठरा वर्षं तोंडाने एक आणि हाताने एक केलं मी. माफी कशी मागायची ते मला माहीत नाही, कधी मागितलेली नाही. उल्ला, हसलीस तर चेंडू फेकून मारीन."

उल्ला हसली नाही. ती तोंडावर रुमाल धरून बसली होती, आत काय चाललं होतं ते तिचं तिलाच ठाऊक. पण रोस्विता हसत होती, चष्मा काढून, डोळे पुसत.

"मला माहीत आहे गं," ती म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"सगळं. पहिल्या वर्षापासून. हेडी, चार चिठ्ठ्या बायकांच्या अक्षरात, आणि पाचवी बालवाडीतल्या पोराने लिहिल्यासारखी. एक्केचाळीस वर्षं मी पाकिटं वाचली, मला डावा हात कळत नाही?"

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? तू मागच्या सीटवर बसलीस तरी तुझा पाय जमिनीवर दाबलेला असतो. माझ्या नवऱ्याच्या अंत्ययात्रेला आपली गाडी पायी चालायच्या वेगाने चालली होती, तरी तू चार वेळा ब्रेक मारलास. तेव्हाच समजले, हिला विमानात बसवणं काही खरं नाही. रागही आला, नाही असं नाही. ब्रसेल्सला दुसऱ्यांदा नेलंस तेव्हा फार आला होता."

"आणि ह्या वर्षी? ह्या वर्षी तर तुझी शेवटची संधी होती!"

"म्हटलं, गेलं तर गेलं लिस्बन." ती चिठ्ठीची घडी घालत राहिली. "तू ह्या वर्षी पुन्हा डाव्या हाताने लिहिणार, मग महिनाभर माझ्याकडे बघायचं टाळणार, केक घेऊन येणार. दर वर्षी आणतेस. म्हटलं, ह्या खेपेला मीच पाडते, म्हणजे तुला नको तो भार. मला काय ठाऊक, तू नेमकं ह्याच वर्षी शहाणी होशील."

सत्तर वर्षांची बाई मी, एगॉनच्या तळघरात, कांद्याच्या ताटावर ओणवी होऊन ढसाढसा रडले. गुड्रुनने मला हात पुसायचं फडकं दिलं. ते खिम्याने माखलेलं होतं, पण त्या वेळी चाललं.

दुसऱ्यांदा मतदान झालं. लिस्बन चार, कोपनहेगन एक. ते एक कुणाचं हे कुणी विचारलं नाही, आणि आनेग्रेट तक्त्याची घडी फार काळजीपूर्वक घालत होती. गुड्रुन म्हणाली, मी माझी सॉसेजं बरोबर नेणार, आणि कस्टमवाल्याने बॅगेत हात घातला तर त्याचं तो बघेल. मी दोन फेऱ्या पाजल्या. तिसरी एगॉनने स्वतःहून आणली, कारण त्याला वरून सगळं ऐकू गेलं होतं.

आनेग्रेटने लगेच लॅपटॉप उघडला. "जागा आत्ताच धरून ठेवते. हेडविग, खिडकीजवळची की वाटेकडची?"

"स्टिअरिंगजवळची," मी म्हटलं.

"तिला मधली दे," रोस्विता म्हणाली. "मी शेजारी बसते." मग माझ्याकडे वळली. "माझा पाय तुझ्या पायाखाली ठेवीन. हवा तेवढा ब्रेक मार."

"तीन तास? चेंदामेंदा होईल पायाचा. कुठला ठेवणार आहेस?"

"डावा. नोव्हेंबरात तसाही बदलायचाच आहे."

मी टेबलाखाली तिचा डावा पाय शोधला आणि एकदा दाबून पाहिला.

"अगं हळू!" ती ओरडली. "तो मला आधी वर बाकापर्यंत न्यायचाय."