शेवंती कुबल नावाच्या दोघी

माझी बायको शेवंती फेब्रुवारीत वारली. मे महिन्यात तिच्या नावावर इंटरनेटवर नवा लेख आला.

आमच्याकडे देवबागला पर्यटक राहायला येतात. ते तिला माशांच्या पाककृती विचारायचे. त्यातून तिने ब्लॉग सुरू केला. बुकिंगसाठी घेतलेल्या कॉम्प्युटरवर एका बोटाने टाइप करायची. पुण्याची एक साइट होती, तिच्यावर मराठी ब्लॉगांवरचे लेख आपोआप गोळा होत आणि लेखकाच्या नावाखाली एकत्र लागत. तिथे शेवंतीचंही पान होतं.

नवा लेख माझ्या पुतणीने, दिव्याने पाहिला.

"काकानू, ह्या बघा. बांगड्याच्या तिखल्यात टोमॅटो! काकीन कधी घातल्यान टोमॅटो?"

"कधीच नाय."

"मगे ह्या कोणी लिवल्यान?"

ठाण्याच्या कोणी शेवंती कुबल होत्या. त्यांचाही ब्लॉग होता. आमच्या शेवंतीच्या पानावर त्या लेखाखाली लोकांनी लिहिलं होतं, 'शेवंतीताई, किती दिवसांनी! कुठे होतात?' मला राग आला नाही, रडूही आलं नाही. ते महिने तसेच चालले होते. पण टोमॅटोचं तिखलं तिच्या नावावर राहावं, हे मला चालणार नव्हतं. तिने लिहिलेलं तिचंच राहायला हवं होतं.

साइट चालवणाऱ्या मुलाचा नंबर पानावर होता. दत्तप्रसाद, मूळचा वैभववाडीचा. मी फोन केला.

"काका, ब्लॉगवरून आमच्याकडे फीड येतं," तो म्हणाला. "त्यात मजकूर असतो आणि लेखकाचं नाव. दोन्हीकडे नाव एकच, म्हणून मशीनने बाई एकच धरली."

"आमच्या वाडीतच तीन शेवंत्या आहेत. आम्ही नाही एक धरत."

तो हसला. "मग कशा ओळखता?"

"एक बंदरावरची, एक शिवाची, एक माझी."

"बस, मशीनलाही तसंच काहीतरी लागतं. दुसऱ्या कोणाचं असूच शकत नाही असं. ई-मेल चालतो, पण बायका तो उघड टाकत नाहीत. ब्लॉगचा पत्ता दोघांचा एक असत नाही. तो सांगा, मी तो काकींच्या नावाला जोडतो."

दिव्याने ब्लॉग उघडला आणि वरची इंग्रजी अक्षरं एकेक करून मला सांगितली. मी ती फोनवर सांगितली.

"मथुरा देवबाग," दत्तप्रसादने जुळवून वाचलं. "मथुरा कोण, काका?"

मथुरा तीच. लग्नात माझ्या आईने शेवंती नाव सुचवलं आणि मी ते तांदळात अंगठीने लिहिलं. त्यानंतर तिला मथुरा कोणी म्हटलं नाही, मीही नाही. तिला विचारलंही नव्हतं. ब्लॉगचा पत्ता मी रोज बघत असणार, पण वाचला नव्हता.

"माहेरचं नाव तिचं," मी म्हणालो.

"मग पानावर कुठलं दाखवू? ओळख आता पत्त्यावरून पटेल, नाव फक्त दिसायला. शेवंती ठेवलं तर वाचणारे पुन्हा घोळ घालतील. पण लोक काकींना शेवंती म्हणूनच ओळखतात. तुम्ही म्हणाल ते."

दिव्या नुसत्या ओठांनी 'शेवंती' म्हणत होती.

"मथुरा कर," मी म्हणालो. "मथुरा कुबल."

"काकींना विचारून सांगता का?"

"नको. कर."

दुसऱ्या दिवशी पानं वेगळी झाली होती. तिखलं ठाण्याला गेलं. मथुरा कुबलच्या पानावर तिचे सगळे लेख होते, सगळ्यांत वरचा जानेवारीतला, कोलंबीच्या लोणच्याचा. त्याखाली एका बाईने विचारलं होतं, 'ताई, नाव का बदललंत? आता इथे लिहिणार ना?'

"काकानू, काय लिवू?" दिव्याने विचारलं.

"ती मेली म्हणान लिव."

तिने हात मागे घेतले. "असा कसा लिवू? तुमीच सांगा नीट."

मग मी सांगितलं आणि तिने लिहिलं. 'हे लेख माझ्या बायकोचे, मथुराचे आहेत. ती फेब्रुवारीत वारली. आम्ही तिला शेवंती म्हणायचो. नवीन लेख येणार नाहीत.'

"खाली तुमचा नाव घालू?"

"घाल. सत्यवान कुबल, देवबाग."

"आणि पत्तो?" तिने विचारलं. "नावाखाली ब्लॉगाच्या पत्त्याची जागा आसा."

इंटरनेटवर माझा पत्ता नव्हता. मी तिला ती जागा रिकामी सोडायला सांगितली.