निळ्या रंगातली गल्ली

दुपारच्या शांततेत आतल्या खोलीतून फरशीवर स्टूल घासल्याचा कर्रर्र आवाज आला.

"काय उद्योग चाललाय बघ तरी तुझ्या लेकीचा," सासूबाई मटार सोलता सोलता म्हणाल्या.

ती लॅपटॉपपुढून उठली नाही. शाळांच्या भिंतींवर नदीचं कोणतं चित्र लावायचं, ते तिला उद्या कार्यालयात सांगायचं होतं. हवामान बदलतंय हे कसं सांगितलं तर लोकांच्या मनात उतरतं, ते शोधणं हेच तिचं काम. वर्षभर ती दोन चित्रं घेऊन दारोदार हिंडली होती. एकात माणसं नदीकाठी झाडं लावत होती. दुसऱ्यात बघणाऱ्याच्याच गल्लीच्या नकाशावर चढून आलेला पुराचा निळा रंग. झाडं सगळ्यांना आवडायची, आणि आठवड्यात सगळे ती विसरायचेही. निळा रंग मात्र डोक्यात घर करून बसायचा. मुलांच्या तर फारच. "ताई, डोळे मिटले की तेच दिसतं हो," असं एक शिंपी म्हणाला, तेव्हा तिने ते खुशीत टिपून घेतलं होतं.

आज सकाळी सरावासाठी तिने स्वतःच्या गल्लीचा नकाशा काढला. खालची ओळ मोठ्याने वाचून पाहिली, "आज तुम्ही उभे आहात, तिथे उद्या पाणी असेल." टेबलाखाली चिंगी खडू घेऊन बसलीय, हे तिच्या ध्यानातही आलं नाही.

पुन्हा कर्रर्र. आता मात्र ती उठून आत गेली.

पाच वर्षांची चिंगी स्टुलावर टाचा उंचावून उभी होती. कपाटावर बाहुल्या, रंगपेटी, बाबाचा चष्मा. शाळेचे बूट अजून हातातच होते.

"अगं, पडशील! काय करतेयस?"

"सामान वर ठेवतेय. पाणी येणारेय ना."

"कुणी सांगितलं तुला?"

"तूच."

तिने लेकीला उचलून घेतलं. फ्रॉक घामाने पाठीला चिकटला होता आणि आत इवलंसं काळीज धडधडत होतं.

"आज नाही येणार गं राणी."

"हो, आज नाही. तू उद्या म्हणालीस."

सासूबाई चौकट धरून दारात उभ्या होत्या. "पोर आहे, दोन दिवसांत विसरेल. तू कशाला चेहरा पांढराफटक करून बसलीस?"

"नाही विसरत, आई." ती म्हणाली. "तेच तर आम्ही मोजलंय."

सगळं खोटं आहे, नुसतं चित्र आहे, असं सांगून टाकावं म्हणून तिने तोंड उघडलं. पण ते खोटं नव्हतं. वर्षभर तो निळा रंग दुसऱ्यांच्या दारात पोचवताना ती कधी अडखळली नव्हती. सकाळी स्वतःच्या दारावरून तो गेला, तेव्हाही तिने अक्षरं पुरेशी मोठी आहेत ना, एवढंच पाहिलं होतं. आता लेकीला घेऊन ती पलंगाच्या कडेला टेकली.

सासूबाई भिंतीला धरत धरत, गुडघा सांभाळत आपल्या खुर्चीकडे परत गेल्या. त्या बसेपर्यंत चिंगी त्यांच्याकडे एकटक बघत राहिली. मग तिने कपाटाच्या माथ्याकडे पाहिलं, आणि आईच्या कानाशी तोंड नेलं.

"आई, आजीला तर स्टुलावर चढता येत नाही. तिला कुठे ठेवायचं?"