बिनभात्याची पेटी

मी एक सिंथेसायझर आहे. जुना, वापरलेला. आकुर्डीच्या चाळीत मला बिनभात्याची पेटी म्हणतात. ते नाव मला चालतं.

आधीच सांगून ठेवतो. मी एका वेळी एकच सूर काढतो. तीन पट्ट्या एकदम दाबल्या तरी एकच बोलते. लोकांना तो बिघाड वाटतो. बिघाड नाही, माझी घडणच तशी आहे. दोन गोष्टी एकदम सांगणं मला जमत नाही आणि आवडतही नाही. तेव्हा क्रमानं ऐका.

माझा जन्म जपानचा. लांबलचक टेबलाशी बसलेल्या बायांनी माझ्या पोटातल्या तारांना डाख दिला. त्यातली एक बाई काम करताना गुणगुणायची. माझ्या कानावर पडलेला पहिला सूर तिचा. शाळा मला नाही. जे आलं ते माणसांच्या बोटांकडून आलं.

बोटीवरच्या एका वायरलेस ऑफिसरनं मला मुंबईला आणलं. त्याला वाजवता येत नव्हतं. पाहुणे आले की तो माझ्यावरचं कापड काढायचा, पाहुणे गेले की घालायचा. माणसं वस्तू वापरायला घेतात की दाखवायला, हा प्रश्न मला तेव्हापासून पडलेला आहे.

मग मी निगडीच्या नंदकिशोरकडे आलो. त्याचा ऑर्केस्ट्रा होता. कंपन्यांची स्नेहसंमेलनं, गणपतीचे दहा दिवस, लग्नाच्या वराती. पोरगा चांगला वाजवायचा. पण त्याला बँकेत नोकरी लागली, लग्न झालं आणि ऑर्केस्ट्रा मोडला. पहिला गेला तो स्पीकर, ज्याच्यातून माझा आवाज निघायचा. मी मुका झालो. मुक्या वस्तूचं घरात जे होतं तेच माझं झालं. माझ्या पाठीवर इस्त्रीचे कपडे ठेवू लागले.

नंदकिशोरची बायको नीलिमा वाईट नव्हती. कपडे ठेवण्याआधी ती माझ्यावरची धूळ पुसायची. फक्त एके दिवशी म्हणाली, "ह्याचं काय ते एकदा करा. बाळ रांगायला लागलं की हे टेबल लागेल."

पहिला आला रंगराव, रेडिओ दुरुस्त करणारा. बाकीची माणसं माझं तोंड बघायची, त्यानं पाठ फिरवून बघितली. खाटीक बोकड बघतो तसं. म्हणाला, "आतला माल चांगला आहे. अख्खा काय करू? खोलून नेतो."

नंदकिशोरनं मला परत सरळ केलं. "विचार करतो," म्हणाला.

दुसरा आला सयाजी.

चाळिशीचा गडी, खाकी शर्ट, बूट पॉलिश केलेले. उजवा हात पँटच्या खिशात. चहाचा कप त्यानं डाव्या हातानं घेतला, बिस्किटही डाव्या हातानंच.

"आमची गायन पार्टी हाय," तो म्हणाला. "एप्रिलात जयंतीला पेटी लागती. म्हटलं ही नवी तऱ्हा बघावी."

"तुम्ही वाजवता?" नंदकिशोरनं विचारलं.

"न्हाई. पार्टीसाठी बघतोय. वाजवंल कुणीतरी."

नंदकिशोर माझी वायर शोधायला आतल्या खोलीत गेला. तेवढ्यात सयाजीनं खिशातला हात बाहेर काढला. मधली दोन बोटं नव्हती. अंगठा, त्याच्याजवळचं बोट आणि करंगळी, एवढीच. त्यानं ती तीन बोटं माझ्या पट्ट्यांवर ठेवली आणि वाजवू लागला. मी बंद होतो. त्यानं मला बंद असतानाच वाजवलं. पावलं ऐकू आली तसा हात परत खिशात.

मला नवल वाटलं. वाजवता येत नाही असं जो सांगत होता, त्याची बोटं गाणं जाणत होती.

पुढं चाळीत कळलं ते इथंच सांगतो. सयाजी त्या पार्टीचा पेटीवाला होता. भोसरीच्या एका कारखान्यात प्रेसवर काम करताना बोटं गेली. कंपनीनं त्याला गेटवर बसवलं. घरची पेटी माळ्यावर गेली. ती उलटी फिरवून डाव्या हातानं वाजवायचा प्रयत्नही त्यानं केला. पण डावा हात जन्मभर भाता मारणारा. त्याला पट्ट्या कळेनात. तेव्हापासून पार्टी नुसत्या ढोलकीवर गायची आणि जयंतीच्या कार्यक्रमात सयाजी मांडवाच्या टोकाला, सगळ्यांच्या मागं बसायचा. त्याला परत पुढं बसायचं होतं. हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही.

"आवाज ऐकल्याबिगर घ्यायचं कसं?" त्यानं नंदकिशोरला विचारलं.

"खरंय राव. माझ्याकडे स्पीकर नाही. तुम्ही घरी न्या, तुमच्या कर्ण्याला जोडून बघा. नाही पटला तर शुक्रवारी परत आणा. रंगराव खोलून नेईल."

सयाजीनं मला गोधडीत गुंडाळलं, सायकलच्या कॅरिअरला बांधलं आणि आकुर्डीपर्यंत सायकल हातात धरून चालत नेली. बसला नाही. पेटी नेणारा माणूस कुठला, आणि भंगार नेणारा कुठला, ते चालण्यावरून कळतं.

परीक्षा गुरुवारी ठरली. गुरुवारी इथले कारखाने बंद असतात, त्यामुळे चाळीत विजेचा दाब पुरा मिळतो. जानेवारीचा महिना, सकाळी चांगलंच गारठलं होतं. मला खाटेवर ठेवलं. वायर दिव्याच्या होल्डरला जोडली. आवाज पार्टीच्या कर्ण्यात सोडला, आणि तो कर्णा होता पत्र्यावर, गेल्या जयंतीला बांधलेला तसाच.

परीक्षा घ्यायला दोघं बसले होते. एक शालनबाई, सयाजीची बायको, पार्टीची गाणारी. दुसरे धोंडीबातात्या, ढोलकीवाले, चाळीतले सगळ्यात वयस्क. तात्यांनी मला पुढून बघितलं, मागून बघितलं, वाकून खालूनही बघितलं.

"भाता कुठं हाय?"

"ह्याला भाता नसतो तात्या," सयाजी म्हणाला.

"मग ह्यो श्वास कुठनं घेतो?"

"लायटीवर चालतो."

"लायटीवर पंखा बी चालतो. गातो का?"

तात्यांनी तीन पट्ट्या एकदम दाबल्या. मी एकच सूर काढला.

"बघा. दोन सूर गिळले. पयल्याच दिवशी चोरी."

शालनबाई म्हणाली, "तात्या, पेटी गळ्याला लावून बघायची असती. मला सूर द्या." काळी चार ही तिची पट्टी. तात्यांनी ती दाबून धरली आणि तिनं आ लावला.

गळा खणखणीत होता. पण मी गारठलेलो होतो. थंड असलो की माझा सूर जागेवर राहत नाही, अंग तापेल तसा सरकतो. मी हळूहळू वर सरकू लागलो. ती गाणारी बाई, सुराला सोडणारी नव्हे. तीही माझ्यामागं वर निघाली. मानेच्या शिरा फुगल्या. डोळे मोठे झाले.

"पोरी, निघालीस कुठं?" तात्या म्हणाले. "खाली ये. पत्र्याला भोक पाडशील."

ती खोकत थांबली. "मी न्हाई गेले. ह्यानं नेलं मला."

"प्यालेला दिसतोय," तात्या म्हणाले. "परत धाडा. जो सुरावर टिकत न्हाई त्याच्यापरीस माझी ढोलकी बरी."

मी ऐकत होतो. माझा दोष खरा होता. नाकारणार कसा? मला रंगरावाचा स्क्रू ड्रायव्हर दिसू लागला.

सयाजीनं माझ्या पाठीवर डावा हात ठेवला. बराच वेळ ठेवला. मग म्हणाला, "मशीन गार हाय. थंडीत प्रेस तरी चालू केल्या केल्या माल देते का? थोडा वेळ रिकामं चालू दे."

हे चाळीत सगळ्यांना पटलं. शालनबाईनं चहा टाकला. मी चालू, आणि माणसं माझ्याभोवती बशा फुंकत बसलेली. दाखवायच्या मुलीला पाटावर बसवून सगळे न्याहाळतात तसं मला वाटलं. अर्थात मी मान खाली घातली नाही.

तात्यांना मात्र स्वस्थ बसवेना. म्हातारपणी माणसाची दृष्टी जाते, कान जातात, खोडी तेवढी राहते. "हे इतके कान कशाला दिलेत ह्याला?" माझ्या फिरत्या बटणांकडं बघून म्हणत त्यांनी एक पट्टी दाबली आणि त्यातलं मोठं बटण पिळलं.

माझा आवाज तळातून उठला, चढत चढत वर गेला आणि वरच राहिला. पत्र्यावरच्या कर्ण्यातून तो आख्ख्या वस्तीवर पसरला. हुबेहूब कंपनीचा भोंगा.

समोरचं दार उघडलं. सोपानराव, रात्रपाळी करून झोपलेला, बनियनवर बाहेर आला. एका पायात चप्पल, हातात डबा. त्याच्यामागं आणखी दोन दारं वाजली.

"आज बेस्तरवार हाय, सोपानराव," शालनबाई म्हणाली.

"मग भोंगा का झाला?"

"धोंडीबातात्यांनी कंपनी काढली."

"पगार काय देताय तात्या?"

"आधी दुसरी चप्पल घाल. मग कामावर घेतो."

चाळ हसली. सोपानरावानं डबा उघडून बघितला. रिकामा होता. मग तोही हसला. सुट्टी डोक्याला ठाऊक असते, पायांना नसते. इतक्या वर्षांत भोंगा ह्या माणसांच्या पायात जाऊन बसला आहे.

हसला नाही एकटा सयाजी. भोंगा झाला तसा तोही उठला होता. खुंटीवरचा शर्ट घ्यायला हात वर गेला होता, आणि तो हात उजवा होता. खिशातून कधी निघाला, त्याला कळलंच नाही. तीन बोटं शर्टाच्या कॉलरवर होती आणि सगळे बघत होते.

हसणं विझलं. सयाजीचा हात खिशाकडे वळला.

"आता भाईर काढलाच हाय," तात्या दुसरीकडं बघत म्हणाले, "तर ठेव की पट्टीवर."

"तीन बोटांनी पेटी वाजत न्हाई तात्या."

"पेटी न्हाईच वाजत. पर ह्यो कुठं पेटी हाय? ह्याला बी एकाच वेळी एकच येतं. तुज्याजवळ तीन हायती. दोन जास्तच झाली."

सयाजी माझ्यासमोर बसला. तीन बोटं पट्ट्यांवर आली. शालनबाईनं त्याच्याकडे बघितलं नाही. ती फक्त गळा साफ करून जयंतीचं गाणं म्हणू लागली, हळू आवाजात.

त्यानं पहिली ओळ धरली. सूर खरे होते. मी तापलो होतो, जागेवर होतो. पण सांगायला हवं, गाणं मेलेलं होतं. खिळे ठोकल्यासारखे सूर पडत होते, एकामागं एक. तात्यांनी ढोलकीला हात लावला नाही.

मग दुसरी ओळ आली आणि त्याचा डावा हात उठला. जन्माची सवय. पेटीच्या मागं भाता असतो, म्हणून तो हात माझ्या पाठीमागं गेला. तिथं नुसता गरम पत्रा. हात चाचपडत परत आला आणि पट्ट्यांच्या डावीकडे एक लहान चाक असतं त्याच्यावर पडला. त्याला ते चाक काय करतं ठाऊक नव्हतं. त्याचा हात भाता मारू लागला, एवढंच. पुढं, मागं. पुढं, मागं.

त्या चाकानं सूर वाकतो. नंदकिशोर ते शोभेला वापरायचा, टाळ्या मिळवायला. पण भात्याच्या चालीनं ते कुणी फिरवलं नव्हतं. माझा सूर वर झाला, खाली आला, एका सुरावरून दुसऱ्यावर सरकत गेला. माणूस दम घेऊन बोलतो तसा मी बोललो. मला स्वतःलाच नवल वाटलं. माझ्यात हे होतं, आणि इतकी वर्षं मला माहीत नव्हतं.

शालनबाईचा आवाज मोकळा सुटला. जिथं तिचा गळा वळायचा तिथं मीही वळलो. हे पेटीला कधी जमलं नसतं. कडवं संपायच्या आत ढोलकी चालू झाली.

गाणं थांबलं. तात्यांनी ढोलकीची दोरी ओढली.

"श्वास घेतो," ते म्हणाले. "डाव्या बाजूनं घेतो."

सयाजी उठला आणि गोधडी उचलू लागला. "उद्या परत करून येतो. चांगला हाय. पर आपल्याला न्हाई झेपायचा."

शालनबाई ट्रंकेकडं गेली. बोटांची भरपाई मिळाली ती तिनं फडक्यात बांधून तिथं ठेवली होती. दोन वर्षांत त्या गाठीला कुणी हात लावला नव्हता. ते पैसे पत्र्यासाठी आहेत असं सगळे म्हणायचे, आणि पत्रा कुणी आणत नव्हतं. तिनं गाठ सयाजीच्या उजव्या हातात ठेवली.

"पत्र्याचं काय?" तो म्हणाला.

"गळतंय तिथं घमेलं हायच की. तुमी पुढं बसा. मागं बसलेल्या माणसाकडं बघून मला गाता येत न्हाई."

त्यानं गाठ मुठीत धरली. "तात्या, तुमचं काय मत?"

"मला इचारू नगंस. मी ढोलकीवाला," तात्या चप्पल घालत म्हणाले. "पर पुढल्या बेस्तरवारी त्याला जरा लौकर तापवून ठेव."

शुक्रवारी सयाजी निगडीला गेला. मला न घेता.

ह्याला दोन वर्षं झाली. त्या एप्रिलात तो मांडवात पुढं बसला. बसताना उजवा हात खिशाकडे गेला. खोटं कशाला सांगू? आता जात नाही. मीही धड राहिलेलो नाही. माझं चाक झिजून गुळगुळीत झालंय. मधली एक पट्टी गेल्या पावसाळ्यापासून बोलत नाही. सयाजीनं तक्रार केली नाही. नसलेल्याला वळसा घालून जायचं कसं, ते त्याला माझ्याआधीपासून येतं.

तुम्ही कधी जुनं वाद्य घ्यायला गेलात तर माझं एक ऐका. पाठीवर हात ठेवून बघा. गार असेल तर थांबा, चहा घ्या, तापू द्या. मग काय ते मत करा. आणि एकदा तुमच्या सवयीनं वाजवून बघा, त्याच्या सवयीनं नको.

आज गुरुवार आहे. सकाळपासून मी चालू आहे, अंग चांगलं तापलंय. तात्या ढोलकी घेऊन उंबऱ्यात बसलेत आणि शालनबाई गळा साफ करतेय. सयाजी हात पुसत येतोय, दोन्ही हात.

एका वेळी एकच. आता बोलणं बंद.