नाकाखालची वाफ

मित्रांनो, जरा डोळे मिटा आणि अशी कल्पना करा, की तुमच्या नाकाखाली कुणीतरी एक गार काच आडवी धरली आहे. ती काच म्हणजे मी. मी एक जुना हातआरसा आहे. माझा एक कोपरा तडकलेला आहे, पण म्हणून माझी कीव करू नका. मला ती चालत नाही.

कारखान्यात माझ्या पाठीवर चकचकीत मुलामा चढला, लाकडी मूठ बसली आणि मी एका केशकर्तनालयात रुजू झालो. न्हावीकाका मला गिऱ्हाइकांच्या मानेमागे धरत. टक्कल दाखवल्याबद्दल मी शिव्या खाल्ल्या, पण खोटं कधी दाखवलं नाही. पुढे काकांची मुलगी भाषा शिकवणारी बाई झाली आणि मला शाळेत घेऊन गेली.

"आधी तोंड बघा, मग आवाज काढा," असं बाई सांगत. इंग्रजीत मांजराला 'कॅट' म्हणताना जबडा चांगला खाली उतरतो. 'कट' म्हणताना तेवढा उतरत नाही. मुलं माझ्यात बघून जबडे मोजत आणि खिदळत. फ्रेंचमध्ये 'बो' म्हणजे सुंदर आणि 'बों' म्हणजे चांगला. 'बों' म्हणताना ओठ मिटायचे नाहीत, जीभ वर टेकवायची नाही, आवाज थोडा नाकातून सोडायचा. बाई मला मुलांच्या नाकाखाली धरत. 'बो'ला मी कोरडा राही, 'बों'ला माझ्यावर वाफ धरे. बस्स, तिथे वाद संपला!

मग शब्द ऐकवणारी, कानाला लावायची यंत्रं वर्गात आली.

"बाई, आरशात बघायला हे काय सलून आहे?" मुख्याध्यापक म्हणाले. मी कपाटात, फडक्यांखाली गेलो. रागावलो, पण रडलो नाही.

त्या वर्गात एक मुलगी होती. सगळे तिला भोंगा म्हणत. लहानपणीच्या तापाने तिचे कान मंद झाले होते, म्हणून ती मोठ्याने बोले. बाकी शाळा तिला हसे. बाईंच्या तासाला मात्र सगळेच तोंड वेडंवाकडं करून ओरडत, तिथे तिला कोण हसणार? तो वर्ग तिला जिवापाड प्यारा होता.

यंत्रावर परीक्षा झाली. दहा शब्द ऐकून म्हणायचे होते. सहाच्या आत बरोबर आले, तर वर्ग सोडायचा. भोंग्याचे तीन आले. आणखी चौघं नापास झाली.

"ऐकूच येत नाही, तर बोलणार काय?" मुख्याध्यापक म्हणाले. "सोमवारी शेवटची संधी."

बाईंनी त्याच दुपारी मला बाहेर काढलं, पदराने पुसलं आणि भोंग्याच्या हातात दिलं. "कान रुसलेत ना? रुसू देत. डोळे आहेत, नाक आहे."

रोज मधल्या सुट्टीत जिन्यावर आमचा सराव चाले. "बाई, वाफ आली!" ती अशी ओरडे, की वरच्या मजल्यावरून कुणीतरी दटावे.

सोमवारी मुख्याध्यापकांनी यंत्र पुढे केलं. तिने ते खाली ठेवलं.

"सर, यात मला नुसती खरखर येते. बाईंना समोरून म्हणू द्या. मी बघते."

"नियम म्हणजे नियम."

"पण सर, परीक्षा बोलण्याची आहे ना, कानांची नाही. मी तोंडानेच म्हणणार आहे."

मुख्याध्यापकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "बरं. म्हणा बाई."

बाई मला स्वतःच्या नाकाखाली धरून शब्द म्हणत गेल्या, ती त्यांचे ओठ आणि माझ्यावरची वाफ बघत म्हणत गेली. दहापैकी आठ बरोबर आले. मुख्याध्यापकांनी स्वतः तिचं नाव हजेरीत कायम केलं.

मित्रांनो, जुन्या वस्तूला अडगळ म्हणण्याआधी तिला एकदा पुसून कामाला लावा. ही विनंती नाही, बजावणं आहे.

भोंग्याने मला काखेत मारलं आणि ती तडक जिन्याकडे गेली. नापास झालेली चौघं तिथे माना खाली घालून बसली होती. तिने पहिल्याची हनुवटी वर उचलली, मला त्याच्या नाकाखाली धरलं आणि अख्ख्या शाळेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "म्हण, बों!"