अकरा घागरी

“अर्ध्या पाण्यावर भागत न्हाई का, बाबा?” वरच्या चिंचोलीच्या केवळाबाईंनी वाकून विचारलं.

ट्रकखाली उताणा पडलेल्या रामकिशनचं तिकडे लक्ष नव्हतं. डिझेलच्या टाकीला कान लावून तो बोटाच्या पेराने टकटक करत होता. अहमदपूरच्या नाक्यावर तीस वर्षं त्याने टाक्याच दुरुस्त केल्या होत्या, आणि टाकीपाशी गेला की या माणसाची तंद्री लागायची. गिऱ्हाईक बिड्यांवर बिड्या ओढत बसायचं आणि हा डोळे मिटून आत डिझेल कसं हलतंय ते बघत राहायचा. बायकोने त्याच्यापुढे कधीच हात टेकले होते.

ट्रक भुजंगचा. वरच्या चिंचोलीला पाणी पोचवायचं काम त्याच्याकडे होतं. पंचावन्न घरं, पाच पिंपं, घरटी रोज एक घागर. पण गावाखालचा चढ असा उभा की ट्रक निम्म्यात गेला की आचके देऊन बंद पडायचा. मग बायका दगडाधोंड्यांतून खाली उतरायच्या आणि भरली घागर घेऊन वर चढायच्या. मागच्या आठवड्यात एक पोटुशी सून घागरीसकट घसरली होती. सोमवारपर्यंत ट्रक वर गेला नाही तर ही फेरी दुसऱ्या गावाला द्यायची, असं लातूरहून सांगून झालं होतं. लातूर जिल्हा होऊन चार वर्षं झाली होती. कचेरी जवळ आली, पाणी काही तेवढं जवळ आलं नव्हतं.

दुखणं काय ते रामकिशनने आदल्या दिवशीच चहाचा ग्लास तिरका धरून भुजंगला दाखवलं होतं. “बघ, तळाचा चहा कसा एका अंगाला गेला. तुला डिझेल मिळतंय मापानं, टाकी कधी भरलेली न्हाई. चढावर सगळं मागं सरकतंय अन् मधली नळी वारं पिऊन राहिली.”

“मग उपाय काय, मामा?”

उपाय साधा होता. टाकीच्या बुडाला तांब्याएवढी लोखंडी कटोरी जोडायची आणि नळी तिच्यात सोडायची. ट्रक कितीही कलला तरी कटोरीतलं डिझेल जागचं हलणार नाही. कटोरी तर रामकिशनने रात्रीतून करूनही टाकली. पण डिझेलच्या टाकीला जाळ लावायचा तर आधी ती पाण्याने गच्च भरावी लागते, आत डिझेलची वाफ उरू द्यायची नाही, नाहीतर टाकी फुटते. अहमदपुरात तेवढं पाणी कोण देणार? भुजंग म्हणाला, पिंपातलं घेऊ, कोणाला कळतंय. रामकिशन म्हणाला, ज्यांचं हाय त्यांना विचारू. म्हणून गॅसची नळकांडी ट्रकवर घालून दोघं सकाळीच चढाच्या पायथ्याशी आले होते.

आता तो ट्रकखालून बाहेर आला, केवळाबाईंसमोर उकिडवा बसला.

“न्हाई भागत, मावशी. बहात्तरच्या दुष्काळात मी अर्ध्यावर भागवलं होतं. माझा मावसभाऊ होता, शेषेराव. जोडीनं धंदा करायचो. तो म्हणला, गच्च भरू. मी म्हणलो, पाणी कुठंय, चालतंय अर्ध्यावर. वरच्या अर्ध्यात वाफ होती.” त्याने तळवे मातीत पुसले. “जाळ त्याच्या हातात होता.”

चौदा वर्षांत हे त्याने कोणाला सांगितलं नव्हतं. सांगून झाल्यावर त्याला मान वर करवेना.

केवळाबाईंनी कमरेवरची घागर खाली ठेवली. मग म्हणाल्या, “किती लागत्यात?”

“अकरा घागरी.”

“अन् ते पाणी मागून पेता येतंय?”

“न्हाई. जनावरालाबी न्हाई चालत.”

केवळाबाईंनी आपली घागर पिंपाखाली धरली. भरत आली तेव्हा मागे वळून म्हणाल्या, “ज्यांला आजचा दिस निभंल, त्यांनी या. बाकीच्यांनी थांबा.”

दहा जणी पुढे आल्या.

टाकी काढून लिंबाखाली उलटी ठेवली होती, बूड वर. बुडाच्या भोकात नरसाळं लावून केवळाबाईंनी घागर ओतली. पहिल्या पाण्याचा आवाज खोल, घुमणारा आला. रामकिशनने पत्र्याला कान लावला. एवढं पाणी एका जागी पडताना त्याने कित्येक महिन्यांत ऐकलं नव्हतं. दुसरी, तिसरी, चौथी. आवाज वर वर येऊ लागला, बारीक होत गेला. त्याचे डोळे मिटले. नांदेडला गोदावरीच्या घाटावर आई धुणं आपटत होती आणि तो पायरीवर पालथा पडून पाण्याशी कान नेत होता. शेषेराव पलीकडच्या पायरीवर होता, लहान, उघडा, आणि काहीतरी सांगून हसत होता. काय ते नीट ऐकू येत नव्हतं, पण हसत होता एवढं खरं. रामकिशनला फार बरं वाटलं.

“मामा, भरली,” भुजंगने खांदा हलवला.

पाणी पत्र्याला टेकलं होतं. रामकिशनने जाळ पेटवला. बूड कापलं, कटोरी बसवली, सांधा भरला, पुन्हा पुन्हा बोट फिरवून पाहिला. मग टाकी सुलटी करून ते पाणी सोडून दिलं. तेलकट रंगांचा पट्टा मातीवर पसरला. एक शेळी आली, वास घेतला आणि निघून गेली. बायका दुसरीकडे बघत होत्या.

टाकी वाळून परत चढवेपर्यंत दुपार कलली. भुजंगने ट्रक चढाला घातला. रामकिशन मागून पायी निघाला. रोजच्या वळणावर ट्रक आला तेव्हा त्याने डोळे मिटले; आत डिझेल मागे सरकलं, टाकीचा तळ उघडा पडला, कटोरी मात्र भरलेली होती. डोळे उघडले तेव्हा वळणावर नुसती धूळ होती. ट्रक वर गेला होता.

तो वर पोचला तोवर रांग लागली होती. चव्वेचाळीस घागरी. टाकीला पाणी दिलेल्या अकरा जणी बाभळीच्या सावलीत उभ्या होत्या, घागरी पालथ्या घालून. रांगेतली तारामती म्हणाली, “काकू, माझ्यातली निम्मी घ्या की.”

“आमचं झालंय,” केवळाबाई म्हणाल्या. “तुझं तू ने.”

रामकिशनच्या घशाला सकाळपासून कोरड पडली होती. पिंपापाशी कोणीतरी त्याच्यासाठी तांब्या भरून पुढे केला. त्याने मान हलवली आणि चालत जाऊन त्या अकरा जणींच्या बाजूला उभा राहिला. थोडं सरकून केवळाबाईंनी त्याला सावलीत जागा दिली.