शेवंती घोडी आणि माझी सून

माझी सून साक्षी घोडीला कामाला लावत नाही, तिच्याशी खेळते. सकाळची भांडी मोरीत तशीच टाकून, लग्न झालेली बाई ओहोटीच्या वाळूवर घोडीबरोबर खेळते आणि मुंबईची माणसं तिचा व्हिडिओ काढतात. बुधाजी घोडागाडीवाल्याच्या घरात असली थेरं कधी झाली नव्हती.

बुधाजी म्हणजे आमचे हे. ते गेल्यापासून शेवंती कुणाच्या हाती लागेना. वाडीत मोकळी चरायची, आणि दोर दिसला की सुसाट. नागावच्या किनाऱ्यावर गाडी ओढणारी घोडी, तिला धरायलाच तीन माणसं लागली तर गाडी जुंपायची कधी? माझा मुलगा सिद्धेश कंपनीत कामाला, त्याला सवड नाही. मी माझी पद्धत काढली. पत्र्याच्या डब्यात चार हरभरे खुळखुळवायचे, दोर पाठीमागं लपवायचा, ती जवळ आली की गळ्यात टाकायचा. चारदा जमलं. पाचव्यांदा ती डब्याच्या आवाजानंच पळाली. शेवटी माणगावच्या गुणाजीला शब्द दिला. त्याला वरातीसाठी घोडी हवी होती. पंधरा दिवसांनी टेम्पो घेऊन ये म्हटलं.

बरोबर दुसऱ्या दिवसापासून सूनबाईंचे खेळ सुरू! मी रोज सुरूच्या झाडाआडून बघायची. दोर हातात, चांगला दिसेल असा. घोडीकडं पाठ करून चालायचं. घोडी दोन पावलं मागं आली की थांबायचं. निळं पिंप वाळूवर लोळवायचं, घोडीनं त्याला नाक लावलं की मान खाजवायची. दोर गळ्यात टाकायचा आणि लगेच काढायचा.

"बांधायची न्हाय तर दोर टाकतेस कशाला गो?" मी पुढं होऊन विचारलं.

"तिला कळू दे आई, दोर पडला म्हणजे दर वेळी अडकली असं न्हाय."

"कुणी शिकवलं? तुझ्या माहेरी तर शेळीसुद्धा नव्हती."

"थोडं मोबाईलवर बघितलं. बाकीचं शेवंतीनंच शिकवलं."

अशी उत्तरं देते.

आधी वाटलं, ओढणीत गूळ बांधून नेते. धुवायला टाकलेले कपडे झाडून बघितले, मूठभर वाळू निघाली. मग वाटलं, घोडीच्या कानाशी काहीतरी पुटपुटते. आता, माझ्या सासऱ्यांनी छप्पन साली दीक्षा घेतली त्याच दिवशी भगत आणि त्याचा अंगारा उंबऱ्याबाहेर काढला. आणि त्यांची सून मी, झाडामागं उभी राहून सुनेचे ओठ हलतात का ते बघत होते! हे मी कुणाला सांगितलं नाही. बाबासाहेबांच्या फोटोला हार घालताना वर बघवेना.

मग खरा डाव ध्यानात आला. ही घोडीला फितवतेय. हिच्याशिवाय कुणाच्या हाताला येऊ नये, गुणाजी रिकामा परत जावा आणि माझा शब्द खाली पडावा.

ठरल्या दिवशी गुणाजी आला. मी डबा खुळखुळवला. शेवंतीनं कान मागं टाकले आणि थेट पाण्याच्या कडेला जाऊन उभी राहिली. गुणाजी धावला, ती आणखी लांब.

"काकी, ही वरातीतून नवऱ्याला घेऊन अलिबागला जाईल!"

"तुझा टेम्पो बघून पळाली असेल ती," मी म्हटलं, आणि साक्षीकडं वळले. "झालं समाधान? हेच हवं होतं ना तुला?"

ती दोर घेऊन गेली, लांबूनच घोडीला दाखवला, पाठ केली आणि परत चालायला लागली. घोडी तिच्यामागं, मान खाली घालून, निवांत. माझ्यासमोर आल्यावर साक्षीनं दोर माझ्या हातात दिला.

"लपवू नका आई. हुंगू दे तिला."

शेवंतीनं दोर हुंगला, मग माझी मूठ हुंगली. मी दोर गळ्यात टाकला. ती हलली नाही. गरम श्वास माझ्या मनगटावर येत होता. हे गेल्यापासून दोन वर्षांत ती एवढ्या जवळ आपणहून कधी उभी राहिली नव्हती.

"वा! धरून ठेवा काकी, मी फळी लावतो," म्हणत गुणाजी टेम्पोकडं गेला.

मी साक्षीकडं बघितलं. रडणं नाही, विनवणी नाही. नुसती बाजूला उभी, माझ्याकडं पाठ करून. दोर माझ्या हातात देऊन मोकळी. हे लक्षण मला चांगलं दिसेना. आणि माझी मूठ काही सुटेना.

"साक्षी, इकडं बघ," मी म्हटलं. "घोडीवर केलेस ते खेळ तू माझ्यावर पण करतेस, न कळायला मी खुळी न्हाय. घोडी जाणार न्हाय. पण ते गुणाजीला तू सांगायचं, आणि चहा पण तूच पाजायचा. शब्द मी मोडतेय, तोंड तू दाखव."